धाब्याचा कठडा : अमेरिकेतील उद्याने, बंदुका आणि मुले

अमेरिकेच्या पश्चिम भागात यलोस्टोन नावाचे विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील मोठ्या सरोवराच्या काठी, पाइन वृक्षांच्या सावलीत, ग्रँट व्हिलेज या ठिकाणी तंबू ठोकून राहण्याची सोय आहे. दूरदूरची कुटुंबे मुलाबाळांसह तेथे मुक्कामाला येतात. सप्टेंबर २०१३ मधील एका शनिवारी अशाच एका कुटुंबातील तीन वर्षांच्या मुलीच्या हाती मोठ्यांचे पिस्तूल लागले. गोळी सुटली. मदतीला धावून आलेल्यांना त्या मुलीचे प्राण वाचवता आले नाहीत.

या घटनेत कोणी खलनायक नव्हता. दरोडा नव्हता, वैर नव्हते, मद्याची धुंदीही नव्हती. होते ते एक सहलीला आलेले कुटुंब आणि मुलाच्या हाताला सहज लागेल असे एक शस्त्र. भरलेले शस्त्र राष्ट्रीय उद्यानात जवळ बाळगण्याची मुभा अमेरिकेच्या कायद्याने त्यापूर्वी साडेतीन वर्षे, म्हणजे २०१० मध्ये दिली होती. त्याआधी सुमारे एक शतक या उद्यानाच्या वेशीवर प्रवाशांच्या बंदुकांना मज्जाव तरी होता, नाहीतर त्या रिकाम्या करून बांधून ठेवाव्या लागत. हा बदल कसा घडला? सार्वजनिक उद्यान आणि बंदूक यांचे नाते अमेरिकेत काय होते आणि काय झाले? आणि या सगळ्या वादात मुलांचा विचार कोणी केला? या प्रश्नांची उत्तरे शोधताना शे-दीडशे वर्षांचा एक उद्बोधक इतिहास आपल्यासमोर उलगडतो.

दगड आणि बंदूक एकाच नियमात

अमेरिका म्हणजे बंदुकांचा देश, तेथे प्रत्येक जण पहिल्यापासून कंबरेला पिस्तूल लटकावून हिंडत आला आहे, अशी आपली एक समजूत असते. चित्रपटांनी ती पक्की केली आहे. वस्तुस्थिती मात्र तशी नाही.

न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी असलेले सेंट्रल पार्क हे त्या देशातील मोठ्या सार्वजनिक उद्यानांचे आद्य उदाहरण. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या दोघांनी त्याचा आराखडा १८५८ मध्ये तयार केला. (आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु या उद्यानासाठी घेतलेल्या जमिनीवर त्याआधी ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी’ या संघाच्या धर्मभगिनींचा मठ आणि मुलींची शाळा होती.) दाट वस्तीच्या शहरात श्रीमंत-गरीब, स्थानिक-परदेशी अशा सर्वांना मोकळी हवा मिळावी, आई-वडिलांनी लेकरांना घेऊन निर्धास्तपणे फिरावे, ही त्यामागील कल्पना होती. म्हणूनच उद्यान पूर्ण होण्यापूर्वीच, १८५८ च्या मार्च महिन्यात, तेथील आयुक्तांनी नियम केला, की या जागेत कोणीही अग्निशस्त्र बाळगू नये आणि दगड फेकू नयेत. दगड आणि बंदूक यांना त्यांनी एकाच नियमात बसवले, याचे आज नवल वाटते. त्या आयुक्तांच्या लेखी त्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न नव्हता. जेथे मुले खेळतात तेथे इजा करणारी वस्तू नको, एवढा साधा व्यवहार त्यात होता.

पुढे हाच कित्ता इतर शहरांनी गिरवला. फिलाडेल्फियातील फेअरमाउंट पार्कसाठी १८६८ मध्ये झालेल्या कायद्यात बंदूक बाळगण्यास आणि पक्षी मारण्यास बंदी होती. ब्रुकलिन, शिकागो, सेंट लुईस येथील उद्यानांचे नियमही त्याच वळणाचे होते. याला कोणी स्वातंत्र्यावरील घाला म्हटल्याचे फारसे दिसत नाही. वास्तविक १७९१ सालची दुसरी घटनादुरुस्ती, जी शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा आधार मानली जाते, तेव्हाही अस्तित्वात होतीच.

लष्कराच्या पहाऱ्यातले जंगल

शहरातल्या बागेचा हा न्याय अरण्याला लावणे अधिक कठीण होते. यलोस्टोन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय उद्यान १ मार्च १८७२ रोजी स्थापन झाले, तेव्हा ते राखण्यासाठी ना पैसा होता ना माणसे. शिकाऱ्यांनी हरणे आणि रानगवे यांची बेसुमार कत्तल चालवली. १८८३ मध्ये शिकारीवर बंदी आली, तथापि ती अमलात कोण आणणार? अखेर १८८६ मध्ये उद्यानाचा कारभार लष्कराकडे सोपवण्यात आला आणि तो १९१८ पर्यंत तेथेच राहिला.

सैनिकांच्या हाती पहारा आला, परंतु कायद्याचे दात नव्हते. चोरटा शिकारी पकडला तरी त्याचे सामान जप्त करून त्याला हद्दीबाहेर काढणे, एवढीच शिक्षा शक्य होती. मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा शिकारी बर्फाच्छादित पेलिकन दरीत मारलेल्या रानगव्यांसह रंगेहाथ पकडला गेला. योगायोगाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ या नियतकालिकाचा वार्ताहर इमर्सन हफ त्याच वेळी उद्यानात होता. त्याने पाठवलेल्या वृत्ताने देशभर खळबळ उडाली आणि अवघ्या दोन महिन्यांत, ७ मे १८९४ रोजी, राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी यलोस्टोनच्या वन्यजीवांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तोवर उशीर झालाच होता. १९०२ च्या सुमारास त्या उद्यानात मोकळे फिरणारे रानगवे जेमतेम दोन डझन उरले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवेशद्वारावरची पद्धत अशी होती, की अधीक्षकाच्या लेखी परवान्याशिवाय बंदूक आत नेता येत नसे. ज्यांच्याजवळ ती असे त्यांना पहिल्या चौकीवर ती जमा करून पावती घ्यावी लागे, अथवा सैनिक तिच्यावर शिक्कामोर्तब करून देत आणि बाहेर पडताना तो शिक्का अभंग आहे की नाही हे तपासले जाई. प्रवासी कुरकुरत असतील, परंतु पद्धत रुजली. पुढे १९३६ मध्ये सर्वच राष्ट्रीय उद्यानांना लागू होईल असा शस्त्रबंदीचा नियम झाला. त्यामागील मुख्य हेतू मुलांचे रक्षण हा नव्हता, वन्यप्राण्यांचे रक्षण हा होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा रानगव्यासाठी घातलेल्या त्या कुंपणाचा आडोसा मुलांनाही मिळत होता.

कुंपण कसे निघाले

१९८३ मध्ये या नियमाला पहिली सैल गाठ बसली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने ठरवले, की प्रवाशाने बंदूक सोबत आणली तर चालेल, मात्र तीत गोळ्या नसाव्यात आणि ती सहज हाती येणार नाही अशी, उदाहरणार्थ मोटारीच्या डिकीत बांधून, ठेवलेली असावी. ही तडजोड शहाणपणाची होती आणि ती पंचवीस वर्षे टिकली.

परंतु दरम्यान देशातील वातावरण पालटत होते. एकामागून एक राज्ये नागरिकांना झाकलेले शस्त्र बाळगण्याचे परवाने सढळ हाताने देऊ लागली होती. बंदूक बाळगणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की राज्याच्या रस्त्यावर जे कायदेशीर आहे ते उद्यानाची वेस ओलांडताच गुन्हा का ठरावे? शिवाय निर्मनुष्य अरण्यात चोर वा अस्वल समोर आले तर पोलीस किती वेळात पोहोचणार? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसरीकडे, उद्यानांचे निवृत्त रक्षक आणि निसर्गप्रेमी संस्था यांचे म्हणणे होते, की जुन्या नियमाने कोणाचे अडले नव्हते, भरलेल्या बंदुका आल्या की चोरटी शिकारही वाढेल आणि क्षुल्लक भांडणांत रक्त सांडेल.

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, डिसेंबर २००८ मध्ये, राज्याच्या कायद्यानुसार झाकलेले शस्त्र उद्यानात नेण्यास परवानगी देणारा नवा नियम आला. पर्यावरणीय परिणामांचा विचार न केल्याच्या कारणावरून मार्च २००९ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय न्यायालयाने त्याला मनाई केली. प्रकरण येथे थांबेल असे वाटत असतानाच ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी वेगळीच वाट काढली. बँकांच्या क्रेडिट कार्डावरील जाचक आकारणीला आळा घालणारे एक लोकप्रिय विधेयक संसदेपुढे होते. त्याला त्यांनी उद्यानांतील बंदुकांविषयीची उपसूचना जोडली. विधेयक अडवणे कोणालाच परवडणारे नव्हते. २२ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून राज्याचा कायदा हाच राष्ट्रीय उद्यानाचाही कायदा ठरला. माहिती केंद्रे, रक्षकांच्या कचेऱ्या अशा सरकारी इमारतींत शस्त्र नेण्यास आजही बंदी आहे आणि उद्यानात गोळीबार करण्याचीही मुभा नाही. परंतु भरलेले पिस्तूल तंबूपर्यंत आणता येऊ लागले.

हा कायदा झाला म्हणूनच ती बालिका गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तसा अपघात घरच्या बिछान्यापाशीही होऊ शकला असता आणि अमेरिकेत तो तसा वारंवार होतही असतो. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील पिस्तूल काढले आणि त्याच्या हातून आईचाच जीव गेला. सांगायचे आहे ते एवढेच, की शस्त्र जिथे जाते तिथे त्याची जबाबदारीही जावी लागते. वर्षानुवर्षे चाललेल्या या वादात शस्त्र कुठे नेता येईल यावर बराच खल झाला. मुलापासून ते दूर कसे राहील, यावर त्या मानाने फारच कमी.

घराच्या आतील इतिहास

म्हणूनच उद्यानाचा इतिहास घराच्या इतिहासाला जोडून वाचावा लागतो. मुलांपासून बंदूक सुरक्षित ठेवण्याची चिंता नवी नाही. १८८७ च्या सुमारास स्मिथ अँड वेसन या प्रख्यात कंपनीने एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या मुठीत एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळून ती पट्टी दाबल्याखेरीज चाप ओढला जात नसे. आठ वर्षांखालील मुलाच्या हाताला ते साधणार नाही, अशी तिची जाहिरात होती. एका मुलाच्या हातून अपघात झाल्याचे ऐकून डॅनिअल वेसन अस्वस्थ झाले आणि त्यातून ही रचना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यातील विचार मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूल चुकणारच हे गृहीत धरून मोठ्यांनी वस्तू बनवावी, असा तो विचार. दुर्दैवाने पुढील काळातील बहुतेक पिस्तुलांतून तो हळूहळू मागे पडला.

शंभर वर्षांनंतर प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो फ्लॉरिडा राज्यात. १९८९ च्या उन्हाळ्यात तेथे काही दिवसांच्या अंतराने मुलांच्या हातून मुलांना गोळ्या लागण्याच्या अनेक दुर्घटना घडल्या. समाज हादरला. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, की सोळा वर्षांखालील मूल पोहोचू शकेल अशा ठिकाणी भरलेले शस्त्र ठेवणाऱ्याने ते कुलपात ठेवावे अथवा त्याला चापाचे कुलूप लावावे, आणि हे न केल्याने मुलाच्या हातून कोणी जखमी वा मृत झाले तर शस्त्राच्या मालकाला गुन्हेगार ठरवले जाईल. अमेरिकेतील अशा प्रकारचा हा पहिला राज्यस्तरीय कायदा. आज निम्म्याहून अधिक राज्यांत तो कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे.

त्याच सुमारास, १९८८ मध्ये, राष्ट्रीय रायफल संघटनेने एक वेगळा मार्ग अवलंबला होता. ‘एडी ईगल’ नावाचा एक गरुड शाळांमधून मुलांना शिकवू लागला : बंदूक दिसली तर थांबा, हात लावू नका, तेथून दूर जा, मोठ्या माणसाला सांगा. उपदेश निर्दोष आहे. तो मुलांना देऊही नये असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न असा, की तेवढ्याने भागते का?

याचे उत्तर २००१ साली ‘पेडियाट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले. आठ ते बारा वर्षे वयाच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांनी एका खोलीत खेळायला सोडण्यात आले. खणात खेळण्यातील पिस्तुलांच्या जोडीला एक खरे, परंतु निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. काचेपलीकडून डॉक्टर पाहत होते. ४८ मुलांना ते सापडले. ३० मुलांनी ते हाताळले. १६ जणांनी त्याचा चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खरे की खोटे याची खात्री नव्हती. आणि ज्यांनी ते हाताळले वा चाप ओढला त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीविषयी सावधगिरीचे धडे कधी ना कधी मिळालेले होते!

आपल्या घरांतील मुले दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हाती घेऊन अंगणात धावतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतील चमक आपण पाहिलेली आहे. अमेरिकेतील ती मुलेही तशीच होती. ती वाईट वळणाची नव्हती आणि त्यांचे आई-वडील निष्काळजी होते असेही नाही. कुतूहल हा बालपणाचा स्वभाव आहे. तो शिकवणीने बदलत नाही आणि बदलावा असेही नाही.

याउलट, मोठ्यांच्या वर्तनात बदल झाला की फळ दिसते, असे अभ्यास सांगतात. मुलांच्या हाती शस्त्र लागू देणाऱ्या मालकाला जबाबदार धरणारे कायदे करणाऱ्या १२ राज्यांची पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. कायदा लागू असलेल्या वर्षांत १५ वर्षांखालील मुलांचे बंदुकीच्या अपघातांतील मृत्यू अपेक्षेपेक्षा २३ टक्क्यांनी घटल्याचे तीत आढळले. कायदा कडक असेल तेथे, विशेषतः फ्लॉरिडात, परिणाम अधिक ठळक होता, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. २००५ च्या आणखी एका अभ्यासाने चार साध्या सवयी पारखल्या : बंदूक रिकामी ठेवणे, ती कुलपात ठेवणे, काडतुसेही कुलपात ठेवणे आणि ती बंदुकीपासून वेगळी ठेवणे. यांतील प्रत्येक सवयीमागे किशोरवयीनांच्या आत्महत्या आणि मुलांचे अपघात यांचा धोका कमी असल्याचे दिसले. याच वर्षी पिस्तूल विकताना सोबत सुरक्षेचे कुलूप देणे विक्रेत्यांना बंधनकारक करणारा संघीय कायदाही झाला. मात्र कुलूप देणे वेगळे आणि ते लावणे वेगळे. २०१५ च्या एका सर्वेक्षणानुसार अमेरिकेतील सुमारे ४६ लाख मुले, भरलेले आणि कुलूप नसलेले शस्त्र असलेल्या घरांत राहत होती.

न्यायालयात इतिहासाची साक्ष

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले आहे. जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘हेलर’ खटल्यात निर्णय दिला, की घरात आत्मरक्षणासाठी शस्त्र ठेवणे हा प्रत्येक नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे. राजधानीतील कडक कायदा त्यामुळे रद्द झाला. परंतु त्याच निकालपत्रात न्यायालयाने असेही नमूद केले, की शाळा आणि सरकारी इमारती यांसारख्या संवेदनशील जागांतील बंदी आणि अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसे ठेवावे याविषयीचे नियम यांच्यावर या निकालाने संशय येऊ नये. जून २०२२ मध्ये ‘ब्रुएन’ खटल्यात हा हक्क घराबाहेरही मान्य करण्यात आला आणि एक नवी कसोटी घालून देण्यात आली : शस्त्रांवरील कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे.

तेव्हा साहजिकच वकील धावले ते जुन्या दप्तरांकडे. सार्वजनिक उद्यानातील बंदीला परंपरेचा आधार आहे काय? १८५८ चा तो सेंट्रल पार्कचा नियम, फिलाडेल्फियाचा १८६८ चा कायदा आणि त्यांच्यासारखे इतर नियम धूळ झटकून न्यायमूर्तींसमोर मांडण्यात आले. त्यांच्या आधारे न्यूयॉर्क येथील संघीय अपील न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये आणि पश्चिमेकडील राज्यांच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये उद्यानांतील बंदीच्या बाजूने कौल दिला. मुलांनी खेळायच्या जागेत दगड आणि बंदुका नकोत, असे लिहून ठेवणाऱ्या त्या आयुक्तांना, आपला नियम दीडशे वर्षांनी पुरावा म्हणून वाचला जाईल, याची कल्पनाही नसेल.

जबाबदारीचा धागाही न्यायालयात पोहोचला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथील शाळेत एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मरण पावले. पिस्तूल त्याच्या वडिलांनी काही दिवसांपूर्वीच खरेदी केले होते. २०२४ मध्ये आई आणि वडील या दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून कारावासाची शिक्षा देण्यात आली. मुलाच्या सामूहिक हत्याकांडाबद्दल आई-वडिलांना अशी शिक्षा होण्याचा अमेरिकेतील तो पहिलाच प्रसंग. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून मिशिगनमध्ये शस्त्रे कुलपात ठेवण्याचा कायदाही अमलात आला.

ख्रिस्तसभेची भूमिका

या इतिहासात अमेरिकेतील कॅथलिक ख्रिस्तसभा गप्प बसली नाही. १९७५ मध्येच तेथील बिशपांच्या परिषदेच्या सामाजिक विकास व जागतिक शांती समितीने पिस्तुलांच्या हिंसेविषयी निवेदन काढून त्यांवर परिणामकारक नियंत्रणाची आणि कालांतराने समाजातून त्यांच्या उच्चाटनाची मागणी केली. २००० साली गुन्हेगारी आणि न्याय या विषयावरील पत्रकात बिशपांनी शस्त्रे अधिक सुरक्षित करण्याच्या उपायांना पाठिंबा दिला आणि मुलांच्या हाती ती मोठ्यांच्या देखरेखीवाचून पडू नयेत, यावर विशेष भर दिला. २०१४ मध्ये जॉर्जिया राज्याने चर्चमध्येही शस्त्र नेण्यास वाट मोकळी करून देणारा कायदा केला, तेव्हा अटलांटाचे तत्कालीन आर्चबिशप विल्टन ग्रेगरी यांनी आपल्या धर्मप्रांतातील कॅथलिक संस्थांत शस्त्रांना थारा देणार नाही, असे जाहीर केले.

तरीही वेदना टळलेल्या नाहीत. २७ ऑगस्ट २०२५ रोजी मिनियापोलिस येथील अनन्सिएशन चर्चमध्ये शाळेच्या नव्या वर्षारंभीची पवित्र मिस्सा चालू असताना बाहेरून, खिडक्यांतून, गोळीबार झाला. प्रार्थनेसाठी बसलेली दोन मुले मृत्युमुखी पडली आणि अनेक जण जखमी झाले. पोप लिओ चौदावे यांनी त्या रविवारी मृतांसाठी प्रार्थना केली आणि लहानमोठ्या शस्त्रांच्या जगभर पसरलेल्या साथीला आवर घालण्याचे आवाहन केले. कपाटाचे कुलूप असा प्रत्येक अनर्थ टाळू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे आणि त्यांतील बहुतांश मृत्यू खून आणि आत्महत्या यांमुळे होतात. अपघातांचा वाटा तुलनेने लहान आहे. परंतु अपघात, पोरवयातील आत्महत्या आणि घरातून उचललेल्या शस्त्राने शाळेत झालेले हत्याकांड, या तिन्हींच्या मुळाशी जाऊ पाहिले तर पुष्कळदा एकच उघडा खण सापडतो.

आपल्याला त्याचे काय?

वाचक विचारतील, की हे सगळे अमेरिकेचे झाले, आपला त्याच्याशी काय संबंध? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही आणि आपल्या बहुसंख्य कुटुंबांनी खरी बंदूक पोलिसाच्या खांद्यावरच पाहिलेली असते. हे खरे आहे आणि त्याबद्दल आपण परमेश्वराचे आभार मानावेत. परंतु आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतील मुलगा, मुलगी, जावई वा सून अमेरिकेत स्थायिक झालेले आहेत. नातवंडे तेथील शाळांत जातात, शेजाऱ्यांच्या घरी खेळतात, सुट्टीत तंबू घेऊन राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाला जातात. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी तेथे जाऊन त्यांना सांभाळतात. शेजारच्या घरी नातवाला पाठवताना आपण विचारतो, कुत्रा बांधलेला आहे ना? पोहण्याच्या तलावाला फाटक आहे ना? मुलाला शेंगदाण्याची बाधा होते, हेही आवर्जून सांगतो. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहकार्याने २००० साली एक मोहीम सुरू झाली. तिचे सांगणे एवढेच, की याच दमात आणखी एक प्रश्न विचारा : तुमच्या घरी बंदूक आहे का आणि असल्यास ती कुलपात आहे का?

आपल्या माणसांना हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो. परक्या देशात, परक्या माणसाला असे कसे विचारावे? तो काय म्हणेल? परंतु तो प्रश्न कोणावर संशय घेत नाही, कोणाचा हक्क हिरावत नाही. बंदूक ठेवावी की ठेवू नये हा वाद त्यांचा त्यांना लखलाभ असो. आपल्या लेकराचा हात तिच्यापर्यंत पोहोचू नये, एवढेच आपण मागतो आहोत. विचारणाऱ्याला वाटते त्यापेक्षा तो प्रश्न ऐकणाऱ्याला फार सोपा जातो, कारण त्याच्याही घरात मुले असतात.

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घर बांधणाऱ्यासाठी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर तेथून कोणी पडले तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. मोशेच्या नियमशास्त्रातील मोठमोठ्या आज्ञांच्या गर्दीत हा नियम सहज नजरेआड होतो. पण त्यातील न्याय किती सूक्ष्म आहे! येणाऱ्याने जपून चालावे, असे तेथे म्हटलेले नाही. धाबे बांधूच नये, असेही म्हटलेले नाही. धाबे ज्याचे, कठडा त्यानेच घालायचा, एवढेच सांगितले आहे. सेंट्रल पार्कच्या आयुक्तांनी, यलोस्टोनच्या चौकीवर शिक्का मारणाऱ्या सैनिकांनी, मुठीत पट्टी बसवणाऱ्या कारागिराने आणि फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने आपापल्या परीने तोच कठडा घातला होता. ग्रँट व्हिलेजच्या त्या तंबूत मात्र तो नव्हता.

अमेरिकेतील आपल्या मुलाबाळांना पुढच्या रविवारी फोन कराल, तेव्हा मिस्सेला गेला होता का, असे विचाराल. त्याच बोलण्यात, नातू खेळायला जातो त्या घराविषयीही विचारा. कठडा घालण्याची सुरुवात कित्येकदा अशा एका प्रश्नाने होते.